गिटार खुंटीला टांगू नका!

गिटार शिकायला महागडा क्लासच हवा, असे नाही. ऑस्ट्रेलियात जन्मलेले शिक्षक जस्टिन सँडरको २००३ पासून इंटरनेटवरून विनामूल्य धडे देत आले आहेत. तरीही पुष्कळजण सुरुवातीलाच वाद्य सोडतात. बोटांची टोके दुखतात आणि एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर बोटे वेळेत जात नाहीत. दुखणे काही आठवड्यांत कमी होते. कातडी घट्ट होते. दुसऱ्या अडचणीवर सँडरको यांचा उपाय साधा आहे. घड्याळ लावून एक मिनिट दोनच कॉर्ड, समजा ए आणि डी, आलटून-पालटून धरा. किती वेळा जमले ते वहीत लिहा. आकडा ६० वर गेला की गाणे अडखळत नाही. पालकांनो, आज बेसूर वाटले तरी रागावू नका. मुलांना रोज १५ मिनिटे वाजवू द्या.