उज्जवायूची शेगडी आणि तिची पेटवणी

हिंगोली जिल्ह्यांत, विशेषतः वसमतच्या बाजूस, माघ-फाल्गुनाचे दिवस म्हणजे हळद शिजविण्याचे दिवस. जमिनींतून काढलेले कंद शिजवून वाळविल्यावांचून बाजारांत जात नाहींत. शेताच्या कडेला मोठी काहील मांडावी, कंद बुडतील इतकें पाणी ओतावें, वर पाला व गोणपाट झांकावें आणि खालीं लांकडांचा जाळ घालावा, ही जुनी रीति. काडी टोंचली असतां ती सहज आंत गेली, कीं हळद शिजली. अलीकडे काहिलीच्या जागीं वाफेचीं पिंपें आलीं व लांकूड कमी लागूं लागलें. परंतु बॉयलरच्या पोटांत अजून बहुधा लांकूडच जळतें. 2024 सालीं वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालें, तरी तिच्या खालचा जाळ बदललेला नाहीं.

ह्या जाळाच्या जागीं हायड्रोजन, म्हणजे जुन्या पुस्तकांतला उज्जवायु, जाळतां येईल काय? भारत सरकारनें जानेवारी 2023 मध्यें हरित हायड्रोजनची राष्ट्रीय योजना मंजूर केली आणि 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन उत्पादनाचें लक्ष्य ठरविलें, तेव्हांपासून असे प्रश्न वारंवार विचारले जातात. एक गोष्ट आरंभींच सांगितलेली बरी. एक किलो हायड्रोजन पाण्यापासून वेगळा करण्यास 50 युनिटांहून अधिक वीज खर्च होते, आणि तो जाळून परत मिळणारी उष्णता सुमारें 33 युनिटांइतकीच असते. शेतांत वीज हाताशीं असेल तर तिनें थेट पाणी तापविणें शहाणपणाचें. वीज साठवून ठेवावयाची असेल, किंवा हायड्रोजन दुसऱ्या कारणानें तयार होतच असेल, तेथेंच ह्या शेगडीचा विचार करावा. तो केला, कीं पहिली अडचण येते ती पेटवणीची.

हें ऐकून नवल वाटेल. हायड्रोजनइतका चटकन् पेट घेणारा वायु क्वचितच सांपडेल. मिथेन वायूला पेटण्यास जितकी ऊर्जा लागते, तिच्या सुमारें चौदाव्या हिश्शांत हायड्रोजन पेटतो. अंगावरचा नायलॉनचा सदरा काढतांना उडणारी ठिणगीही त्याला पुरते. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा 4 पासून 75 पर्यंत कितीही असलें, तरी तो जळतो. येना येथील रसायनशास्त्रज्ञ डोबरायनर ह्यानें 1823 सालीं हायड्रोजनची बारीक धार सच्छिद्र प्लॅटिनमवर सोडली, तेव्हां काडी न ओढतां ज्योत पेटली, आणि त्या युक्तीचे दिवे पुढें घरोघर विकले गेले. मात्र प्लॅटिनम दमट झालें किंवा त्यावर धूळ बसली, कीं दिवा रुसत असे. पेटवणी टिकाऊ कशी करावी, हा प्रश्न तेव्हांपासूनचा आहे. 1865 सालीं मुंबईच्या रस्त्यांवर जे गॅसचे दिवे लागले, त्यांतील दगडी कोळशाच्या वायूंतही जवळजवळ अर्धा भाग हायड्रोजनच असे. पण तेथें पेटविणारा मनुष्य प्रत्येक खांबापाशीं स्वतः उभा राही. आपोआप पेटणाऱ्या शेगडीपाशीं कोणी उभें नसतें.

म्हणून ठिणगी जोरदार हवी असें नव्हे, ती वेळेवर हवी. झडप उघडली आणि ठिणगी दोन क्षण उशिरां पडली, तर तेवढ्या अवधींत भट्टींत वायु सांचतो. मिथेनच्या बाबतींत अशा वेळीं भपका होतो. हायड्रोजनची ज्योत मिथेनच्या ज्योतीहून कित्येक पट वेगानें धांवते, त्यामुळें येथें स्फोटच ऐकूं येतो, आणि काहिलीशेजारीं फळी घेऊन उभा असलेला गडी त्याच्या तोंडीं असतो. ह्याकरितां क्रम कडक ठेवावा लागतो: आधीं पंख्यानें भट्टी झाडून काढावयाची, मग ठिणगी सुरू करावयाची, आणि त्यानंतरच झडप उघडावयाची. ठरलेल्या कांहीं सेकंदांत ज्योत दिसली नाहीं, तर झडप आपोआप बंद होऊन पुनः पंखा. बंद पत्र्याच्या शेडखालीं तर अधिक जपावें; हा वायु हलका, तो वर चढून छताच्या कोपऱ्यांत बसतो.

ठिणगीचे कांटे कां खराब होतात, हें पाहण्यासारखें आहे. हायड्रोजनची ज्योत शेगडीच्या भोंकांना अगदीं चिकटून जळते आणि फार तापते. कांट्याचें टोंक तिच्यांत राहिलें, तर तें लाल होऊन झिजतें, अंतर वाढतें, तेवढी उडी मारण्यास अधिक दाब लागतो, आणि शेवटीं ट्रान्सफॉर्मर थकतो. त्याहून वाईट असें, कीं लाल टोंक स्वतःच निखारा बनतें आणि पुढच्या खेपेस वायूला नको त्या क्षणीं पेटवितें. म्हणून कांटे लोखंड, क्रोमियम व ॲल्युमिनियम ह्यांच्या मिश्रधातूचे करतात, टोंक मुख्य ज्योतीच्या बाहेर पण वायूच्या वाटेवर ठेवतात, आणि पेटवून झाल्यावर तें मागें ओढून घेण्याची सोय असल्यास उत्तम. ठिणगीऐवजीं सिलिकॉन कार्बाइडची तापणारी कांडी वापरतां येते. परंतु तापलेल्या कांडीवरील संरक्षक थर वाफेनें हळूहळू उडून जातो, आणि येथें वाफ तर विपुल.

ती किती विपुल? एक किलो हायड्रोजन जळला म्हणजे नऊ किलो पाणी तयार होतें. भट्टी चालू असतांना तें वाफेच्या रूपानें निघून जातें. ती विझली, कीं कांट्याभोंवतींच्या चिनी मातीवर दंव धरतें. दुसऱ्या सकाळीं वीज टोंकाशीं उडी मारण्याऐवजीं त्या ओल्या पृष्ठावरून सरपटत लोखंडांत उतरते. जाळ नाहीं, आवाजही नाहीं. मात्र मालकाला वाटतें कीं वायु संपला. चिनी मातीला आडव्या कडा ठेवणें, झिलई देणें आणि विझविल्यावर पंखा थोडा वेळ चालू ठेवणें हेच ह्यावरचे उपाय. शेवटचा सर्वांत स्वस्त, आणि तोच बहुधा विसरला जातो.

दुसरी फसवणूक डोळ्यांची. भर उन्हांत हायड्रोजनची ज्योत जवळजवळ दिसतच नाहीं. साध्या गॅसच्या बॉयलरांत ज्योतींतून वाहणारा सूक्ष्म विद्युत्प्रवाह मोजून ती पेटल्याची खात्री करतात. पण तो प्रवाह ज्या विद्युत्कणांवर चालतो, ते कार्बन जळतांना उत्पन्न होतात, आणि येथें कार्बनच नाहीं. म्हणून जंबुपार (अतिनील) किरण ओळखणारा डोळा बसवावा लागतो. गंमत अशी, कीं ठिणगीही तेच किरण सोडते. डोळा ठिणगीलाच ज्योत समजला, तर झडप उघडीच राहील. तेव्हां ठिणगी थांबवूनच त्याची साक्ष घ्यावी लागते.

कारखान्यांतील शेगडी वर्षभर चालते, हळदीची मात्र कांहीं आठवडेच. नंतर सबंध पावसाळा ती पत्र्याखालीं पडून राहते. तारांचीं टोंकें गंजतात, कुंभारमाशी नळींत मातीचें घर करते, डोळ्याच्या कांचेवर हळदीची पिवळी भुकटी बसते. अशा शेगडीची कसोटी ती किती हजार वेळां पेटली एवढ्यावरच घेऊन भागत नाहीं. नऊ-दहा महिने पडून राहिल्यावर पहिल्याच दाबाला ती पेटते काय, हेंही पाहिलें पाहिजे. हंगामापूर्वीं वायूची टाकी न जोडतांच कळ दाबावी, कांट्यांमधील अंतर मोजावें, कांच कोरड्या फडक्यानें पुसावी, आणि ज्योत नसतांनाही डोळा ‘पेटली’ असें सांगत असेल, तर तो बदलेपर्यंत टाकी गाडीवरून उतरवूं नये.