वकिलाविना नागरी हक्कांचा दावा
अमेरिकेच्या संघीय न्यायालयात आपला दावा स्वतः चालवण्याचा हक्क १७८९ पासून कायद्यात आहे. पोलिसांनी वा तुरुंग अधिकाऱ्यांनी घटनात्मक हक्क डावलले, तर १८७१ च्या कायद्याखाली नुकसानभरपाई मागता येते. फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तसा इथे हक्काने मिळत नाही. इलिनॉयमधल्या एका वृद्ध कैद्याने एकांतकोठडीत नुसत्या कांबळ्यांवर फरशीवर झोपावे लागल्याने पायाचे दुखणे बळावल्याची तक्रार केली होती. ‘हेन्स विरुद्ध कर्नर’ या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशा तक्रारीला वकिली मसुद्याचे कडक निकष लावू नयेत. यामुळे न्यायाधीशच पक्षकाराचा वकील होईल, असा आक्षेप घेतला जातो. पण ही सवलत मुख्यतः तक्रार वाचण्यापुरती आहे. पुरावा द्यावाच लागतो, समन्सही साधारणपणे ९० दिवसांत बजावावे लागते. कोठडीतला माणूस साक्षीदार कुठून शोधणार? कायद्याने न्यायालय वकिलाला विनंती करू शकते. तथ्य दिसणाऱ्या प्रत्येक दाव्यात ती करायलाच हवी.