कारवानी पिल्लाचे पहिले आठ आठवडे

परंडा म्हटलं की लोक किल्ल्याबद्दल बोलतात. मला मात्र आधी आठवतात ती त्या भागातल्या शेतवस्त्यांवरची उंच, सडपातळ, लांब तोंडाची कारवानी कुत्री. लातूर, धाराशिव, सोलापूर आणि खाली कर्नाटकात मुधोळपर्यंतच्या कोरडवाहू पट्ट्यात ही जात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. अंगावर लांब मऊ केस असलेल्यांना आपल्याकडे 'पश्मी' म्हणतात. सशामागे धावण्यासाठी ही कुत्री पाळत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती शिकार गुन्हा ठरली, कुत्री मात्र राखणीला राहिली.

परंड्याजवळच्या एका गावात आठवीला विज्ञान शिकवणारे माझे एक मित्र आहेत. त्यांच्या शाळेशेजारच्या वस्तीवर कारवानी कुत्री कडब्याच्या गंजीच्या आडोशाला व्याली. सात पिल्लं झाली. मालकाने तिघांचा इसारही घेतला होता, आणि बोली होती, 'डोळे उघडले की घेऊन जा.' मित्राने मला विचारलं, "यात चूक काय? डोळे उघडले, चालायला लागलं, म्हणजे पिल्लू सुटं झालंच की!"

प्रश्न सोपा वाटतो, पण उत्तर द्यायला जन्मापासून सुरुवात करावी लागते.

याच जिल्ह्यातली उस्मानाबादी शेळी घ्या. तिचं करडू जन्मल्यावर तासाभरात उभं राहतं, आईमागे चालू लागतं. ते आईच्या पोटात सुमारे १५० दिवस राहिलेलं असतं. कुत्रीचा गर्भकाळ फक्त ६३ दिवसांच्या आसपास. चरणाऱ्या प्राण्याच्या पिल्लाला कळपाबरोबर पळावंच लागतं. ते अर्धवट जन्मून चालत नाही. शिकारी प्राण्याच्या मादीला उलट जड पोट घेऊन धावणं परवडत नाही. पिल्लं लवकर बाहेर टाकायची आणि उरलेली वाढ बिळात, दुधावर करायची, ही तिची रीत. म्हणजे कुत्र्याच्या पिल्लाचे पहिले दोन-तीन आठवडे हा एका अर्थी गर्भकाळाचाच उरलेला भाग आहे. डोळे मिटलेले, कानांची भोकं बंद. शोधायचं ते नाकाने आणि ऊब ओळखून. दिवसाचे नव्वद टक्के तास झोप. त्याला स्वतःहून लघवीसुद्धा करता येत नाही. आईने पोटाखाली चाटलं की ती क्रिया घडते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास हे त्याला आपलं आपण जमू लागतं. आई मेलेल्या पिल्लांना दूध पाजून वाचवू पाहणारे लोक नेमकं हेच विसरतात. प्रत्येक पाजण्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने तो भाग हलके पुसावा लागतो.

दुसरी अडचण उबेची. मोठ्या कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. पिल्लाचं पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ च्या घरात. लहान शरीराचं पृष्ठफळ वजनाच्या मानाने जास्त, त्यामुळे उष्णता भराभर जाते. (नववीच्या वर्गात १ सेंमी आणि २ सेंमी बाजूच्या घनांचं उदाहरण देता, तेच हे.) थरथरून उष्णता निर्माण करणंही त्याला पहिले काही दिवस जमत नाही. पिल्लं एकमेकांवर ढीग करून झोपतात ते यासाठी. गारठलेल्या पिल्लाच्या आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून अशा पिल्लाला आधी हळूहळू ऊब द्यायची आणि मगच दूध. आपण घाईने नेमकं उलट करतो.

आणि दूध कोणतं? कुत्रीच्या दुधात प्रथिनं साधारण ७ ते ८ टक्के आणि स्निग्धांश ९ टक्क्यांच्या आसपास असतो. गाईच्या दुधात दोन्ही साडेतीन-चार टक्के, आणि दुग्धशर्करा मात्र कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त. 'बाधू नये' म्हणून आपण गाईचं दूध आणखी पाणी घालून पाजतो. पिल्लाचं पोट फुगतं, पण त्याची उपासमार चालूच राहते, वर हगवण लागते ती वेगळीच.

पहिल्या दिवसाचा चीक तर कशानेच भरून निघत नाही. माणसाच्या बाळाला बरीचशी प्रतिपिंडं वारेतून, जन्माआधीच मिळतात. कुत्रीची वार वेगळ्या घडणीची. तिच्यातून फार तर पाच-दहा टक्के जातात. बाकीची सगळी चिकातून. शिवाय ही मोठी प्रथिनं न पचता रक्तात शिरू देणारी आतड्याची दारं जन्मानंतर साधारण चोवीस तासांत बंद होतात. मग कितीही चीक पाजा, ती प्रतिपिंडं पचून जातात.

आता वाढीचा वेग. कारवानी पिल्लू जन्मतः साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास आणि मोठं कुत्रं २४-२५ किलोचं, म्हणजे सुमारे सत्तरपट वाढ. माणूस तीन किलोचा साठ किलो, म्हणजे वीसपट होतो, आणि त्याला अठरा वर्षं लागतात. ग्रेट डेनसारख्या अजस्र जातीत ही वाढ शंभरपटीपर्यंत जाते. सर्वसाधारण ठोकताळा असा: प्रौढपणी जितके किलो वजन अपेक्षित, तितक्या किलोमागे रोज २ ते ४ ग्रॅम वाढ. कारवानीसाठी रोज ५० ते १०० ग्रॅम. जन्माचं वजन सात ते दहा दिवसांत दुप्पट व्हायला हवं.

मित्राने हा ठोकताळा मुलांना दिला आणि वजनांची वही सुरू झाली. पिल्लं उचलायची ती मालकानेच, तीही कुत्री भाकरी खायला बाहेर गेल्यावर. मुलांनी लांबून आकडे लिहायचे. हा नियम पाळायलाच हवा: व्यालेली कुत्री ओळखीच्या मुलालाही चावते, आणि चावा पिल्लाचा असला तरी जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठावाच लागतो. रेबीजपुढे हयगय नाही. चौथ्या दिवशी मुलांना दिसलं, सहा पिल्लांचे आकडे चढते आहेत आणि एकाचा दोन दिवस जागचा हललेला नाही. डोळ्यांना ते पिल्लू इतरांसारखंच दिसत होतं. मालकाने धटिंगण भावंडं बाजूला करून त्याला दिवसातून चार-पाच वेळा भरल्या सडाला लावायला सुरुवात केली.

दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान डोळे उघडतात. पण डोळे उघडले म्हणजे दिसू लागलं असं नाही. दृष्टिपटल आणि मेंदूतल्या जोडण्या अजून तयार व्हायच्या असतात. नीट दिसायला आणखी दोन-तीन आठवडे जातात. कान चौदाव्या दिवसानंतर उघडतात, आणि विसाव्या दिवसाच्या आसपास मोठ्या आवाजाने पिल्लू दचकू लागतं. दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यात डोकावतात. पुढे ते २८ होतात. याच सुमारास ते आईच्या ताटलीत तोंड घालतं.

इथे आपली ज्वारीची भाकरी येते. लांडग्याच्या मानाने कुत्रा पिष्ठ पचवण्यात पुढे आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका संशोधनात दिसलं, की स्वादुपिंडातलं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षं काढल्याचा हा परिणाम. पण प्रती असल्या तरी कारखाना जन्मापासून चालू नसतो. दूधपित्या पिल्लात अमायलेज अगदी कमी असतं, ते हळूहळू वाढतं. म्हणून पंचविसाव्या दिवशी आईपासून तोडून दूध-भाकरीवर ठेवलेलं पिल्लू खातं खूप, पण त्यातलं अंगी थोडंच लागतं. शिजवलेलं अंडं, मऊ मांस किंवा निदान घट्ट वरण सोबत लागतंच.

उलट टोकही आहे. उंच जातीचं पिल्लू म्हणून काही हौशी लोक त्याला कॅल्शियमच्या गोळ्या चारतात. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर प्रयोग झाले. जादा कॅल्शियम दिलेल्या पिल्लांच्या हाडांत विकृती आल्या. लहान पिल्लाला आतड्यातून येणारं जादा कॅल्शियम पुरतं अडवता येत नाही, आणि हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढत्या कूर्चेचं हाडात रूपांतर होण्याचं वेळापत्रक बिघडतं. मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढलेलंच बरं. गुटगुटीतपणाची हौस सांध्यांना महागात पडते.

आता मित्राच्या प्रश्नाचा गाभा. अमेरिकेत बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी पाच जातींच्या पिल्लांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. तिथेच फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. उंच कुंपणाच्या मैदानात पिल्लं आईबरोबर वाढवली, माणसाचं दर्शन होऊ न देता. काहींना दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात एकेक आठवडा माणसांत आणलं. चौदा आठवड्यांपर्यंत माणूस न पाहिलेली पिल्लं पुढे रानटी जनावरासारखी भेदरलेली राहिली. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यातलं हे दार दोन्ही बाजूंना उघडतं: याच काळात पिल्लू माणूस ओळखायला शिकतं आणि कुत्रा होण्याचंही शिक्षण घेतं. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं, खेळ थांबतं, आई गुरकावते. चावा किती आवरायचा हे पिल्लू इथे शिकतं. विसाव्या दिवशी उचललेल्या पिल्लाचा हा वर्गच बुडतो, आणि पुढे त्याचे दात घरातल्या पोरांना लागतात. माझ्या मते गावात 'जात्याच खुनशी' म्हणून बदनाम झालेली बरीच कुत्री मुळात लवकर तोडलेली किंवा जन्मभर साखळीला बांधलेली असतात. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांतही आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे.

आठव्या आठवड्याला आणखी एक कारण जोडलेलं आहे. चिकातून मिळालेली प्रतिपिंडं सहाव्या ते सोळाव्या आठवड्यात कधीतरी संपतात. प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या दिवशी. ती असेपर्यंत लस निष्प्रभ होते, संपली की पिल्लू उघडं पडतं. मधल्या फटीत पार्व्होचा विषाणू शिरतो, म्हणूनच लस एकदा टोचून भागत नाही. सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत तिची पुनरावृत्ती करतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. गोलकृमी तर आईच्या पोटातच पिल्लात शिरलेले असतात, त्यामुळे जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासूनच, पशुवैद्यकाला वजन सांगून. वजनांची वही इथेही कामी आली.

हे सगळं मित्राने मालकाला सांगितलं. एक गिऱ्हाईक ऐकेना, ते चोविसाव्या दिवशी पिल्लू घेऊन गेलंच. उरलेल्या दोघांनी इसार तसाच ठेवून थांबायचं कबूल केलं. मागे पडलेलं पिल्लू आठव्या आठवड्यातही सर्वांत हलकं होतं. पण त्याची रेघ इतरांच्या रेघांखालून, त्यांना समांतर चढत गेलेली मुलांच्या आलेखावर स्पष्ट दिसते. ते कोणीच घेतलं नाही, म्हणून वस्तीवरच राहिलं.