पाटे, घाट आणि रोजचे ओझे

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात एखाद्या ‘छोट्या हत्ती’च्या हौद्यात क्रेट चढत असताना त्याच्या मागील चाकांकडे क्षणभर पाहावे. कमानीसारखे वाकलेले पोलादी पाटे प्रत्येक थराबरोबर सरळ होत जातात आणि ते पार सपाट झाले, तरी हौद्यात जागा उरली आहे म्हणून आणखी एक थर चढविला जातो. जागा उरणे आणि क्षमता उरणे या भिन्न गोष्टी आहेत. छोटी गाडी घ्यावी की मोठा पिकअप, या प्रश्नाचा विचार या भेदापासूनच सुरू केला पाहिजे.

२००५ साली टाटांनी ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखली जाणारी ‘एस’ आणली, तेव्हा तिचे इंजिन ७०२ घन सेंटिमीटरचे आणि दोन सिलिंडरांचे होते, आणि तिची वहनक्षमता पाऊण टन होती. रिकाम्या गाडीचे वजनही जवळजवळ तेवढेच. बोलेरोसारख्या पिकअपचे इंजिन अडीच लिटरचे, वहनक्षमता दीड टनाच्या आसपास आणि स्वतःचे वजनही त्याच मानाने दुप्पट. म्हणजे दोन्ही गाड्या आपल्या वजनाइतकेच ओझे वाहतात. मात्र रोजचा माल ७०० किलोच असेल, तर छोटी गाडी एकूण दीड टन हलविते आणि मोठी सव्वादोन टन. चाकांचे घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे या अधिक पाऊण टनाचे मोल इंधनाच्या रूपाने जाताना आणि रिकामे परतताना, दोन्ही वेळा चुकवावे लागते.

मग छोट्या गाडीतच दीड टन का भरू नये? याचे उत्तर घाट देतो. ६०० मीटरांची उतरण उतरताना तीन टनांचा भरलेला पिकअप जी स्थितिज ऊर्जा गमावतो, तिच्यातून ६० लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापू शकेल. मर्यादेत भरलेल्या छोट्या गाडीच्या बाबतीत हा आकडा सुमारे ३० लिटर असतो. दीड टन लादल्यास तो ४५ लिटरांपलीकडे जातो, म्हणजे उष्णता दीडपट आणि ब्रेकचे ड्रम मात्र पूर्वीचेच. या उष्णतेतील मोठा वाटा इंजिनाने उचलावा, म्हणूनच अनुभवी चालक उतारावर खालचा गिअर टाकतो. जो हे करीत नाही, त्याच्या ब्रेकच्या लायनिंगला जळका वास येऊ लागतो आणि घर्षण कमी होऊन, पाय दाबूनही गाडी आवरेनाशी होते. वेग दुप्पट झाला, तर थोपवावयाची गतिज ऊर्जा चौपट होते, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

याउलट, शेतापासून बाजारसमितीपर्यंतच्या दहा-पंधरा किलोमीटरांत, गल्लीबोळांतून वळताना आणि अर्ध्या हौद्यावर भागणाऱ्या कामात छोटी गाडीच खरी उपयोगी पडते. वर्षातून चारदा येणाऱ्या मोठ्या खेपेसाठी मोठी गाडी बाळगण्यापेक्षा, ती खेप भाड्याच्या गाडीने पाठविण्याची तजवीज करणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. परंतु दर आठवड्याला घाट ओलांडून दीड टन न्यावयाचा असेल, तर पिकअपला पर्याय नाही, आणि तेथे केलेली काटकसर माणसाच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून कोणाही शेतकऱ्याने किंवा व्यापाऱ्याने गाडी ठरविण्यापूर्वी वर्षभरातील वजनकाट्याच्या पावत्या एकदा समोर मांडाव्यात आणि त्यांत वारंवार येणारे वजन गाडीच्या दस्तऐवजात नमूद केलेल्या मर्यादेशी ताडून पाहावे. हा हिशेब घरीच झाला, तर घाटातील वळणावर तो ब्रेककडून करवून घेण्याची पाळी येत नाही.