दाते खाली, हात मोकळे

माझ्या मशीनच्या मागच्या बाजूला, बॉबिनच्या कप्प्याजवळ, करंगळीच्या नखाएवढी एक कळ आहे. बारा वर्षं त्या मशीनवर ब्लाउज शिवले, पडदे शिवले, उशांचे अभ्रे शिवले. त्या कळीला हात लावायची वेळ कधी आली नव्हती. ती सरकवली की सुईखालचे दाते खाली बसतात. दाते म्हणजे करवतीसारख्या त्या बारीक पट्ट्या. प्रत्येक टाक्याला त्या वर येतात, कापड टाकाभर मागे ओढतात आणि पुन्हा खाली जातात. शिवणाऱ्याने फक्त दिशा द्यायची. कापड किती सरकायचं ते दाते ठरवतात. तेच खाली बसले की सुई नुसती वर-खाली होत राहते आणि कापड जागच्या जागी. हलवायचं ते आपण, दोन्ही तळव्यांनी. पुढे, मागे, आडवं, गोल, हवं तसं.

फ्री-मोशन क्विल्टिंग म्हणतात ते एवढंच. मुक्त हाताने घातलेली मशीनची शिवण.

माझ्याकडे ते आलं आईच्या पटामुळे. आईने हाताने जोडलेला चौकोनांचा एक पट ट्रंकेत नऊ वर्षं पडून होता. चार इंचांचे चौकोन, आडवे 15 आणि उभे 20, म्हणजे 300 तुकडे. त्यात तिच्या चोळ्यांचे खण आहेत, बाबांच्या शर्टांची रेघांची पॉपलीन आहे, माझ्या शाळेच्या फ्रॉकचा निळा आहे. प्रत्येक जोड पाव इंच आत धरून, धावदोऱ्याने. सगळे तुकडे जोडून झाले आणि तिच्या उजव्या अंगठ्याने असहकार पुकारला. अस्तर लावून, सगळे थर एकत्र शिवून त्याचं पांघरूण करायचं राहिलं. जगात जिथे जिथे क्विल्ट करतात तिथल्या घराघरांत असे पट घडी घालून ठेवलेले असतात, कारण तुकडे जोडणं हा मौजेचा भाग आणि शेवटचं शिवणं हा कष्टाचा.

ते शेवटचं शिवणं शोभेसाठी नसतं, हे आधी समजून घ्यायला हवं. क्विल्टला तीन थर असतात: वर जोडलेला पट, मध्ये कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा पसरलेला थर, म्हणजे बॅटिंग, खाली अस्तर. मधला थर मोकळा सोडला तर चार धुण्यांत कापूस एका कोपऱ्यात गोळा होतो. आपल्याकडे पिंजाऱ्याकडून भरून आणलेल्या रजईत जागोजाग दोरे घातलेले असतात ते याच कारणाने. विकतच्या बॅटिंगच्या वेष्टनावर शिवणीच्या दोन रेघांत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते लिहिलेलं असतं. काहींना तीन-चार इंचांच्या पलीकडे चालत नाही, काहींना आठ-दहा इंच चालतात. मी घेतलेला थर कापसाचा होता. म्हणजे 60 इंच रुंद आणि 80 इंच लांब अशा सगळ्या पटावर दाट शिवण घालणं भाग होतं.

आमच्या घरच्या गोधड्या आठवल्या की फरक ध्यानात येतो. गोधडीत कापूस नसतोच. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, कच्च्या टाक्यांनी टाचायची आणि कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्या घेत मध्याकडे यायचं. आजी अशीच शिवायची, जमिनीवर बसून, पाय लांब करून. मशीनवर फुगीर थर असेल तर हे उलटं करावं लागतं. मध्यापासून सुरू करून कडांकडे जायचं, म्हणजे कापडाला आलेला फुगा बाहेर ढकलला जातो. कडेपासून आत आलं तर तो फुगा मध्ये अडकतो आणि तिथे चुण्या बसतात.

तयारीलाच दोन दिवस गेले. फरशीवर अस्तर उलटं पसरून कडा चिकटपट्टीने ताणून बसवल्या. ताण जास्त झाला तर पट्टी काढल्यावर कापड आक्रसतं, म्हणून ताठ, पण ओढलेलं नाही, इतपतच. त्यावर बॅटिंग, त्यावर पट. मग प्रत्येक चौकोनात एक सेफ्टी पिन. 300 पिना लावून उठले तेव्हा गुडघे फरशीला चिकटल्यासारखे झाले होते. पिनांची ही पायरी कंटाळा करून उरकली की पुढे मशीनवर त्याची भरपाई करावी लागते आणि ती कधीच पुरती होत नाही.

मशीनला नेहमीचा दाब काढून डार्निंगचा पाय लावायचा. तो गोल तोंडाचा, स्प्रिंगवर उडणारा पाय. सुई खाली आली की कापड दाबून धरतो, सुई वर गेली की कापड सोडून देतो. त्या सोडलेल्या क्षणातच आपण कापड सरकवायचं. सुई 90 नंबरची, थर जाड म्हणून. सुरुवातीला एक टाका घेऊन बॉबिनचा दोरा वर ओढून घ्यायचा आणि दोन्ही दोरे हातात धरून चार-पाच अगदी बारीक टाके घालायचे. खालचा दोरा वर घेतला नाही तर पाठीला त्याचं जाळं होतं.

आणि मग खरी गोष्ट सुरू होते. टाक्याच्या लांबीचा आकडा मशीनवर कितीही ठेवा, दाते खाली असताना त्याला काही अर्थ उरत नाही. टाका किती लांब पडेल हे दोन वेगांवर ठरतं: पायाखालच्या पेडलचा आणि हातांचा. मशीन मिनिटाला 600 टाके घालत असेल आणि इंचाला 10 टाके हवे असतील तर हातांनी मिनिटाला 60 इंच, म्हणजे सेकंदाला बरोबर एक इंच कापड सरकवायला हवं. हात मंदावला तर टाके एकावर एक चढून गाठीसारखे दिसतात. हात पळाला तर एकेक टाका पाव इंचाचा होतो. वळणावर तर हात आपोआप वेग बदलतो, पाय मात्र आपल्याच लयीत असतो. हे गणित डोक्याने सुटत नाही. हात आणि पाय एकमेकांचं ऐकायला शिकेपर्यंत जुन्या चादरींचे तुकडे शिवत राहायचं, दुसरा उपाय नाही. पेडल सावकाश मारलं की सोपं जाईल असं सगळ्यांना वाटतं. उलट मशीन एकसारखं, मध्यम वेगात चाललं तरच हाताला लय सापडते.

माझ्या पहिल्या संध्याकाळची पाठ मी जपून ठेवली आहे, म्हणजे तिचा फोटो. वरून शिवण देखणी दिसत होती. नदीच्या वळणांसारखी, स्वतःला कुठेही न छेदणारी रेघ, चौकोनाचौकोनांवरून फिरलेली. क्विल्टवाल्यांत या नक्षीचं नाव मिअँडर, आणि तीच अगदी दाट, पाव इंचाच्या आत घातली की स्टिपल. सगळे शिकाऊ इथूनच सुरू करतात, कारण तिच्यात चुकलेलं वळणही वळणच दिसतं. अर्ध्या तासाने पट उलटा केला. प्रत्येक वळणावर वरच्या दोऱ्याचे फासे लोंबत होते, डोळ्यांच्या पापण्यांसारखे. त्यांना पापण्याच म्हणतात. वळणावर हात मशीनपेक्षा पुढे धावला की सुई वाकते, दोरा तिरपा ओढला जातो आणि मशीन त्याला पुरतं वर खेचून घेऊ शकत नाही. वरचा ताण सैल असेल तर हे आणखी वाढतं. तो सगळा भाग उसवायला दोन संध्याकाळी गेल्या. बाबांच्या शर्टाची पॉपलीन जुनी, विरत चाललेली. एकेक टाका उसवणीने उचलून कापायचा, ओढायचा नाही. त्याच आठवड्यात एक सुई मोडली. सुई कापडात असताना मी हात झटक्याने ओढला, ती वाकून खालच्या पट्टीवर आपटली. टोकाचा तुकडा सापडेपर्यंत मी उठले नाही, कारण हे पांघरूण आहे.

अडचणींतली सर्वांत मोठी मात्र वजनाची. घरगुती मशीनच्या सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत सहा-सात इंच जागा असते. पटाचा मध्य शिवताना निम्मं पांघरूण त्या जागेत गुंडाळून बसवावं लागतं. एक कोपरा टेबलावरून खाली लोंबला की तो सुईखालचं कापड ओढतो आणि हाताची रेघ बिघडते. मी डावीकडे इस्त्रीचं टेबल लावलं, मागे जेवणाचं टेबल भिंतीला टेकवलं, आणि पांघरुणाचा बराचसा भाग खांद्यावर घेतला. बोटांना रबराचे ठिपके असलेले बागकामाचे हातमोजे घातले. त्यांनी कापडावर पकड येते, तळवा दाबायला लागत नाही, आणि खांदे खाली राहतात.

व्यावसायिक लोक हे काम लाँगआर्म मशीनवर करतात. तिथे क्विल्ट मोठ्या चौकटीवर ताणून स्थिर ठेवतात आणि मशीनच रुळांवरून हाताने फिरवतात. ती चौकट मावायला एक अख्खी खोली हवी. घरच्या मशीनवर सुई स्थिर आणि कापड फिरतं. कागद हलवून चित्र काढावं, पेन्सिल जागची हलवू नये, तसं.

हे हातकाम की यंत्रकाम, हा वाद जुना आहे. आयझॅक सिंगर यांनी 1851 मध्ये पेटंट घेतलं आणि 1856 पासून त्यांची कंपनी हप्त्यांवर मशीन विकू लागली. त्या काळी अमेरिकेत मशीन घरात असणं ही प्रतिष्ठा होती, आणि बायका क्विल्टवर मशीनची शिवण दिसेल अशी घालत. पुढे काटा उलटा फिरला. इंचाला किती टाके, तेही हाताचे, यावर क्विल्टची प्रत ठरू लागली आणि मशीनची शिवण म्हणजे घाई, असं मानलं जाऊ लागलं. कोलोराडोच्या हॅरिएट हारग्रेव्ह यांनी या समजुतीला कामाने उत्तर दिलं. 1987 साली आलेल्या ‘एअरलूम मशीन क्विल्टिंग’ या पुस्तकात त्यांनी घरच्या साध्या मशीनवर वारसा म्हणून जपावी अशी शिवण कशी घालायची ते पायरीपायरीने मांडलं. वर पारदर्शक नायलॉनचा दोरा, खाली सुती, म्हणजे वरून दोरा दिसत नाही, फक्त शिवणीने पडलेल्या खळग्या दिसतात, हाताच्या क्विल्टसारख्या.

दोनच वर्षांनी, 1989 मध्ये, केंटकी राज्यात ओहायो नदीकाठच्या पडूका या गावी अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट क्विल्टचं बक्षीस कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या ‘कोरोना 2: सोलर इक्लिप्स’ला मिळालं. हाताने रंगवलेल्या कापडांत उभं केलेलं सूर्यग्रहण, आणि शिवण मशीनची. मशीनने क्विल्ट केलेल्या कामाला तिथे हा मान प्रथमच मिळत होता. कितीतरी जणींना तो अपमान वाटला. त्यांचा राग मला समजतो. ज्यांनी वर्षवर्ष बोटांना भोकं पाडून घेतली त्यांना परीक्षकांनी आपले कष्ट खाली टाकले असं वाटलं असणार. पण दाते खाली बसवून मशीनची शिवण घातली, तर रेघ हातच काढतात. आज तो क्विल्ट पडूकाच्याच राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयात आहे आणि प्रदर्शनात हातकामाच्या आणि यंत्रकामाच्या कारागिरीला स्वतंत्र बक्षिसं आहेत.

मी हे वाचत होते आणि मला आमच्या वाड्यातल्या देशपांडे काकू आठवत होत्या. पायमशीनचे दाते काढून टाकायच्या, दाबही काढायच्या, कापड लाकडी रिंगमध्ये ताणून बसवायच्या आणि रिंग दोन्ही हातांनी फिरवत रुमालांवर, उशांच्या अभ्र्यांवर मोर काढायच्या. आम्ही त्याला मशीनचं भरतकाम म्हणायचो. महाराष्ट्रात शिवणक्लास घेणाऱ्या कितीतरी बायकांनी हेच केलं, याच तत्त्वावर. काकूंच्या हातचा मोर आणि दुसऱ्या कुणाच्या हातचा मोर आम्हा पोरींना लांबून ओळखता यायचा. काकूंच्या मोराची मान जरा जास्त वाकलेली असायची. दाते काम करत असते तर ती मान तशी वाकली नसती. मशीनच्या शिवणीत हस्ताक्षर उतरतं ते दाते खाली गेल्यावर, आणि म्हणून मला हे काम हाताचंच वाटतं.

माझं हस्ताक्षर तिसऱ्या आठवड्यात दिसू लागलं. वळणं सगळी डावीकडे जरा चपटी. ती सुधारावीत की नाही याचा मी विचार केला आणि राहू दिली. खणांच्या चौकोनांवर मात्र मी नदी फिरवली नाही. तिथे एकेक साधं पान काढलं, कारण खणाचं विणकाम आधीच नक्षीदार आहे, त्यावर आणखी गर्दी नको. पान काढताना देठापासून वर जायचं, टोकावर सुई कापडात ठेवून क्षणभर थांबायचं, श्वास घ्यायचा, मग दुसऱ्या कडेने खाली यायचं. थांबलं नाही तर टोक बोथट होतं. रोज काम संपलं की बॉबिनची डबी काढून ब्रशने झटकायची. कापसाचा इतका बारीक भुगा साठतो की दुसऱ्या दिवशी ताण बिघडतो.

शिवण संपली तेव्हा मी पांघरूण आईच्या पलंगावर टाकलं. तिने वरून पाहिलंच नाही.

“मागून दाखव.”

मी उलटं केलं. तिने तळवा पसरून पाठीवरून फिरवला, मध्यापासून कडेपर्यंत. एका ठिकाणी थांबली. बाबांच्या रेघांचा चौकोन तिथेच होता, उसवून पुन्हा शिवलेला.

“इथे उसवलंस.”

“हो. सुरुवातीला फासे पडले होते.”

“कापड फाटलं नाही.” तिने बोट आणखी दोनदा फिरवलं. “कडा कशाने करणार?”

गोट मी आधीच कापून ठेवला होता, तिच्याच एका लाल चोळीच्या कापडाचा. समोरच्या बाजूने तो मशीनने लावून झाला होता. मागे दुमडून हाताने टाके घालायचे बाकी होते. आईने हात पुढे केला. अंगठ्याला तिने पट्टी गुंडाळून घेतली, मला दोरा ओवायला सांगितला, आणि दोरा ओवून दिल्यावर परत माझ्याकडे सरकवला.

“मेण लाव त्याला. गुंततो.”

दिवसाला वीतभर होतं. आज दुसऱ्या कडेच्या मध्यापर्यंत आली आहे.