खोका बघू नका, ओहम बघा!

अंबरनाथहून निघालेली आजोबांची प्रीमियर पद्मिनी वीस मिनिटं मस्त पळते. बदलापूर जवळ आलं की झटके मारायला लागते आणि बंद. बॉनेट उघडून अर्धा तास बसलात की पुन्हा पहिल्या सेल्फला स्टार्ट! मग जाणारा-येणारा प्रत्येक जण सांगतो, ‘कॉइल गेली, नवीन टाक.’ घरी पोचलात की बाबांचं वाक्य ठरलेलं, ‘द्या एकदाची भंगारात.’

थांबा. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून ‘फियाट 1100 डिलाइट’ म्हणून बनलेली आणि 1974 मध्ये पद्मिनी झालेली ही गाडी आता नवीन मिळणार नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. त्यामुळे भंगारवाल्याला फोन करण्याआधी एक मल्टिमीटर घ्या. साधा डिजिटल मीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो.

कॉइल म्हणजे बारावीला पाठ केलेला फॅरेडे. एकाच लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो. पॉइंट उघडले की जाड तारेतला करंट तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेत वीस हजार व्होल्टच्या घरात दाब तयार होतो. चार सिलिंडरची गाडी 3000 आरपीएमला असेल, तर हे सेकंदाला 100 वेळा घडतं!

आता खरेदी. उल्हासनगरचा ‘मेड इन यूएसए’वाला जोक तुम्हाला माहीत असेलच, तो उल्हासनगरकर स्वतःच जास्त सांगतात. डुप्लिकेट माल तिथेच मिळतो असं मुळीच नाही, पण खोक्यावरच्या छपाईवर कुठेच विसंबू नका. माझी चूक ऐका. खोक्यावर ‘12 व्होल्ट’ वाचून मी कॉइल आणली, बसवली, गाडी झकास चालली. काही दिवसांनी पॉइंट जळून काळे!

झालं असं, की जाड तारेचा रेझिस्टन्स कॉइलनुसार वेगळा असतो. एका प्रकारात तो साधारण 3 ओहम. 12 भागिले 3, म्हणजे 4 अँपिअर, पॉइंट सुखात. दुसऱ्या प्रकारात साधारण दीड ओहम. ती बाहेरच्या बॅलास्ट रेझिस्टरबरोबरच वापरायची. थेट जोडली की करंट 8 अँपिअरवर जातो. आणि ‘12 व्होल्ट’ दोन्हींवर छापलेलं असू शकतं.

तुमच्या गाडीला बॅलास्ट आहे का? चार मालकांनी चार वेळा वायरिंग बदललेलं असतं, त्यामुळे विचारण्यापेक्षा मोजा. पॉइंट बंद म्हणजे चिकटलेले असताना चावी ऑन करा आणि कॉइलच्या प्लस टोकावर व्होल्टेज बघा. 12 च्या आसपास असेल तर बॅलास्ट नाही, 3 ओहमची कॉइल घ्या. 6 ते 8 दिसलं तर बॅलास्ट आहे. मोजून झालं की चावी लगेच बंद. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करून गाणी ऐकत बसणं हा कॉइल तापवून मारायचा सोपा उपाय आहे.

रेझिस्टन्स मोजताना कॉइलच्या सगळ्या वायर काढा. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवा. 0.3 किंवा 0.4 दिसेल, तो पिनांच्या वायरचा रेझिस्टन्स. उत्तरातून वजा करा. प्लस-मायनसमध्ये ओहम कळले, की मीटर 20 के वर नेऊन मधलं जाड टोक आणि प्लस यांच्यात मोजा. साधारण 6 ते 12 हजार हवेत. टोकं आणि पत्र्याचा डबा यांच्यात मात्र काहीच दिसता कामा नये.

पण थंड कॉइल पास झाली म्हणून नाचू नका. तुमची गाडी गरम झाल्यावर बंद पडते ना? मग त्याच क्षणी तपासा. तापलेलं तांबं रेझिस्टन्स वाढवतंच. 3 ची कॉइल 3.6 दाखवेल, ते ठीक. आकडा गायब झाला, तर आत तार तुटतेय.

आणि ठिणगी बघा. एक जुना प्लग कॉइलच्या जाड वायरला लावा, त्याची बॉडी इंजिनला घट्ट अर्थ करा आणि मित्राला सेल्फ मारायला सांगा. प्लग कार्ब्युरेटरपासून लांब, हात त्याहून लांब! जाड निळी ठिणगी असेल तर कॉइल निर्दोष. उन्हाळ्यात पाइपातच पेट्रोलची वाफ झाली असेल. ठिणगी पिवळी, मरतुकडी असेल तर आधी कंडेन्सर बदलून बघा. तो कॉइलपेक्षा स्वस्त असतो आणि गरम झाल्यावर अगदी असाच दगा देतो.

पावसाळ्यात, आणि बदलापूरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा, कॉइलचं डोकं कोरडं पुसा. त्यावर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली, तर ठिणगी तिथूनच पळतेय. मीटर हे पकडत नाही, तेव्हा कॉइल बदला.

जुनी कॉइल सगळ्यात पास झाली आणि तरी तुम्ही नवीन आणलीच असेल, तर जुनी डिकीत टाका. तिच्यावर मार्करने ओहम लिहून ठेवा, सोबत एक कंडेन्सर आणि दहा नंबरचा पाना.