शिवकल्याण राजाचे चार नंबर

(लेखमाला : ऐकण्याआधी वाचावे, भाग 6)

मागच्या रविवारी लेबलांचे रंग पाहिले. आज नंबर. उदाहरणाला 'शिवकल्याण राजा' घेऊ. पुण्यातल्या जुन्या घरांत तबकडी नसली तरी निदान कॅसेट सापडतेच.

शिवरायांच्या राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या 1974 साली एचएमव्हीने ती काढली. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज लताबाईंचा, निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचं. शब्द थेट रामदास-भूषणांपासून सावरकर-कुसुमाग्रजांपर्यंतचे. 1660ची पवनखिंडीची लढाई आणि 1674ची नेसरीची, बाजीप्रभू आणि प्रतापराव, इथे एकाच तबकडीवर भेटतात. पुढे कॅसेट आली, सीडी आली, आता ती फोनवर आहे. मग 'माझ्याकडे शिवकल्याण राजा आहे' असं कुणी म्हणालं, तर त्याच्याकडे नेमकं काय आहे?

हे सांगतो तो पहिला, कॅटलॉग नंबर. वेष्टनाच्या कोपऱ्यात आणि लेबलवर असतो. एचएमव्हीच्या एलपींवर 'ईसीएलपी' दिसलं की मोनो, 'ईसीएसडी' दिसलं की स्टिरिओ. दुकानदार याच नंबराने माल मागवायचा. तेव्हा तो गाण्याचा नंबर नव्हे, विकायच्या वस्तूचा. वस्तू बदलली की नंबर बदलला.

दुसरा मॅट्रिक्स नंबर. हा माझा सर्वांत आवडता. तबकडी दिव्याखाली तिरकी धरा. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात बारीक अक्षरं-आकडे दिसतील. दोन्ही बाजूंचे वेगळे. ही बाजू कुठल्या मूळ प्रतीवरून छापली, ते इथे कळतं.

एवढी चिकित्सा कशाला? चायकोव्स्कीचं नेपोलियनच्या स्वारीवरचं '1812' हे वाद्यसंगीत घ्या. मर्क्युरी कंपनीने अंताल दोराती आणि मिनियापोलिसच्या वाद्यवृंदाकडून ते 1954 साली मोनोत ध्वनिमुद्रित केलं : कॅटलॉग नंबर एमजी 50054. स्टिरिओ आल्यावर 1958 साली सगळं पुन्हा वाजवून घेतलं : एसआर 90054. शेवटचे चार आकडे तेच, पण वादन वेगळं! टेलार्क कंपनीने 1979 साली एरिक कुन्झेल यांचं '1812' काढलं. त्यात खऱ्या तोफा इतक्या जोरात उडतात की त्या जागी खाच नागमोडी झालेली नुसत्या डोळ्यांनी दिसते. स्पीकर सांभाळा, अशी ताकीदही वेष्टनावर होती. एलपीचा नंबर 10041, सीडीचा 80041. इथे मात्र वादन एकच. आकड्यांच्या साम्यावर विसंबायचं नाही, ते यासाठी.

तिसरा बारकोड. दुकानी मालावरचा आजच्या पद्धतीचा पहिला बारकोड अमेरिकेतल्या एका वाणसामानाच्या दुकानात 26 जून 1974 रोजी वाचला गेला, च्युइंगगमच्या पुड्यावरचा. राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीनंतर अवघ्या वीस दिवसांनी! तेव्हा मूळ एलपीवर तो शोधू नका. पुढच्या सीडीवर मात्र पाहा. 890ने सुरू होत असेल, तर नोंदणी भारतातली.

चौथा आयएसआरसी, बारा अक्षर-आकड्यांचा. हा वस्तूचा नव्हे, एकेका ध्वनिमुद्रणाचा. त्यामुळे तबकडी, सीडी, फोन कशावरही तेच गाणं असलं तरी कोड तोच राहायला हवा. सुरुवातीला बहुधा देश, मग नोंदवणारा, मग वर्षाचे दोन आकडे. हे वर्ष कोड दिल्याचं, गाण्याचं नव्हे. ही पद्धत 1986ची, म्हणून नियमाप्रमाणे लताबाईंच्या या गाण्यांच्या कोडात 74 सापडायला नको. मानधनाचे हिशेब याच कोडावर चालतात, त्यामुळे यातली चूक कलाकाराच्या खिशाला लागते.

जुन्या बाजारात जाणार असाल तर पैसे देण्यापूर्वी तबकडी बाहेर काढा आणि वेष्टनावरचा नंबर लेबलवरच्या नंबराशी ताडून पाहा. वेष्टन एका तबकडीचं आणि आत भलतीच, हा प्रकार तिथे नवा नाही.

पुढच्या रविवारी : वेष्टनामागचा मजकूर.